टाटा १६१३ चं मॉडेल घरी बांधायचंय? मग केबिनला हात लावू नका

माझा पहिला ट्रक केबिनपासून सुरू झाला आणि केबिनपाशीच संपला. पुठ्ठ्याचं केबिन इतकं सुरेख जमलं होतं की रंग वाळायच्या आत मी त्याला दोऱ्यात ओवलेली लिंबू-मिरचीसुद्धा बांधली. मग खाली चासी (सगळा ट्रक ज्यावर बसतो तो सांगाडा) बसवायला घेतली, तर पुढची चाकं मडगार्डात मावेनात. चाकं बारीक केली तर ट्रक टेम्पोसारखा दिसायला लागला. सगळी मापं एका फोटोवरून काढली होती, आणि तो फोटो तिरका होता. ते केबिन अजून माळ्यावर पडून आहे.

खरा ट्रकही केबिनपासून बांधत नाहीत, हे तेव्हा लक्षात यायला हवं होतं. जुना हायवे पाहिलेल्यांना आठवत असेल: नुसती चासी, पुढे इंजिन आणि काउल (इंजिनावरचा, केबिनच्या पुढचा पत्रा), वर ना छप्पर ना दार, आणि डोक्याला टॉवेल गुंडाळून उन्हात बसलेला ड्रायव्हर. कारखान्यातून गाडी अशी निघायची आणि केबिन, हौदा (माल भरायची पेटी), फाळका (तिचं उघडणारं दार) हे सगळं बॉडीवाल्याच्या शेडमध्ये चढायचं. मॉडेलही याच क्रमाने बांधलं की अर्धी डोकेदुखी वाचते.

खाली दिलेली पद्धत टाटा एसई १६१३ साठी आहे. म्हणजे पुढे आखूड बॉनेट असलेला, दोन एक्सलचा, सहा टायरचा ट्रक. प्रमाण १:२४ आणि सगळं हाताने. विकतच्या किटबद्दल एवढंच सांगतो की इटालेरी, रेव्हेल यांची १:२४ ची किट्स चांगली असतात, पण त्यात व्होल्वो, स्कॅनिया, मर्सिडीज असे युरोपातले ट्रक मिळतात. आपल्या घाटात पहिल्या गिअरवर कण्हत चढणारा १६१३ माझ्या तरी बघण्यात कुठल्या डब्यात आलेला नाही. किट बांधणाऱ्यांनी थेट पायरी ८ पासून वाचलं तरी चालेल.

१. आधी ट्रक ठरवा, आणि त्याचा दिवसही

'टाटाचा ट्रक' एवढं पुरत नाही. नावातले आकडे बघा. १६१३ म्हणजे ढोबळ मानाने १६ टन एकूण वजन आणि १३० अश्वशक्ती. त्याआधीचा १२१० म्हणजे १२ टन आणि १००. आकड्यांची ही रीत मर्सिडीजकडून आलेली. टेल्कोचा (टाटा मोटर्सचं तेव्हाचं नाव) मर्सिडीजवाल्या डाइमलर-बेंझशी करार १९५४ साली झाला आणि १९६९ पर्यंत चालला. तोवर ट्रकच्या पुढच्या जाळीवर मर्सिडीजचा तीन टोकांचा तारा असायचा, पुढे त्या जागी टाटाचा 'टी' आला. म्हणून १६१३ च्या जाळीवर तारा लावू नका. जुन्या काळचा वाटावा म्हणून हे करणारे मी पाहिलेत.

मग दिवस ठरवायचा. गाडी रिकामी की भरलेली? साखर हंगामात उसाखाली दबलेली कराडकडची, की जांभा दगड उतरवून परत निघालेली रत्नागिरीची? उन्हाळा की पावसाळा? हे आत्ता विचारण्याचं कारण, उत्तर थेट चासीत उतरतं. रिकाम्या ट्रकच्या मागच्या कमानी (एकावर एक पाटे रचलेल्या स्प्रिंगा) वर वाकलेल्या दिसतात आणि त्यांच्यावरची हेल्परची, म्हणजे जादा भार पेलणारी, कमान टोकांना मोकळी असते, ब्रॅकेटला टेकत नाही. माल भरला की मुख्य कमान जवळजवळ सपाट होते आणि हेल्पर टेकतो. हौद्यात ऊस खच्चून भरलाय आणि खाली कमानी रिकाम्या गाडीच्या, असं मॉडेल ट्रकवाल्याला दुरून ओळखू येतं. शेवटी ऊस भरताना हे लक्षात आलं तर चासी उलगडण्यावाचून इलाज नाही.

२. मापं टेपने घ्या, फोटोने नाही

१:२४ निवडण्यामागे एक मोठी सोय आहे. बॉडीवाले अजून फुटात बोलतात: सतरा फुटी, एकोणीस फुटी, बावीस फुटी. आणि १:२४ मध्ये एक फूट म्हणजे बरोबर अर्धा इंच. सतरा फुटी हौदा साडेआठ इंच, आठ फूट रुंदी चार इंच. कॅल्क्युलेटर लागतच नाही. मिलिमीटरमधल्या मापाला मात्र २४ ने भागायचं.

माझ्याकडची काही तयार मापं:

- १०.०० × २० टायरचा बाहेरचा व्यास सुमारे १०५५ मिमी, मॉडेलमध्ये ४४ मिमी. रुंदी साधारण साडेअकरा मिमी.
- नावापुढे '४२' असेल तर व्हीलबेस (पुढच्या-मागच्या एक्सलमधलं अंतर) सुमारे ४.२ मीटर, मॉडेलमध्ये साधारण १७६ मिमी.
- सात इंची गोल हेडलाइट, मॉडेलमध्ये साडेसात मिमीला जरा कमी.
- ५० मिमीची चमकणारी पट्टी, मॉडेलमध्ये २ मिमी.
- २० मिमी जाडीचा दोर, मॉडेलमध्ये ०.८ मिमी. क्रोशाचा दोरा चालतो.

बाकीसाठी ट्रकपाशी जायचं. मी निगडीच्या ट्रान्सपोर्ट नगरीत गेलो होतो. तुमच्या जवळ मार्केट यार्ड असेल किंवा एखादा साखर कारखाना. सकाळी लवकर जाऊ नका, तेव्हा सगळे घाईत असतात. दुपारी जेवणं झाल्यावर जा आणि आधी विचारा. न विचारता मोबाइल काढून गाडीभोवती फिरलात तर लोकांना तुम्ही फायनान्सवाले वाटता. मलाही एकाने तेच विचारलं, "हप्ता थकलाय का कुणाचा?"

मी कारण सांगितल्यावर ज्यांची गाडी होती ते काका आधी हसले, मग टेपचं दुसरं टोक स्वतः धरून उभे राहिले. "नुसतं लांबी-रुंदी काय घेता," म्हणाले, "जमिनीपासून फाळका किती वर ते घ्या. आम्हाला रोज तिथं चढायचं असतं." ते माप माझ्या यादीत नव्हतंच. पुढे हौद्याची उंची मी त्यावरूनच बसवली.

फोटो काढायचे ते असे: समोरून, मागून आणि दोन्ही बाजूंनी, शक्य तितकं लांब जाऊन, झूम करून. जवळून काढलेल्या फोटोत ट्रकचं नाक फुगतं. प्रत्येक फोटोत एक फूटपट्टी किंवा टेपचा उघडा तुकडा दिसू द्या. चाकाचे नट मोजा, रिमची भोकं मोजा, कमानीचे पाटे मोजा. गाडीखाली वाकायचं असेल तर इंजिन बंद, चाकाला दगड आणि ड्रायव्हर समोर उभा असेल तरच.

घरी आल्यावर आलेखाच्या कागदावर मॉडेलच्या मापाचीच बाजूची आणि वरची आकृती काढा. ही आकृती शेवटपर्यंत टेबलावर राहते.

३. सामान

- पीव्हीसी फोम शीट, म्हणजे बोर्ड बनवणाऱ्यांकडचा सनबोर्ड, ३ मिमी. त्यांच्याकडे कातरणं पडलेली असतात, पुष्कळदा फुकट देतात.
- स्टायरीन शीट ०.५ आणि १ मिमी. नाही मिळाली तर जुन्या फाइलींची कव्हरं आणि लग्नपत्रिकांचा जाड कागद.
- ओएचपीची पारदर्शक शीट, काचांसाठी.
- आइस्क्रीमच्या काड्या आणि १ मिमीची व्हिनियरची कातरणं, हौद्यासाठी.
- फेविक्विक, फेविकॉल, दोन नळ्यांचं अराल्डाइट, एम-सील.
- कटर आणि भरपूर पाती, स्टीलची फूटपट्टी, गुण्या, बारीक कानशींचा सेट, ८० ते ६०० नंबरचा पॉलिश पेपर.
- हँड ड्रिल, १ ते ६ मिमीची बिटं, ५० मिमीचा होल सॉ (ड्रिलला लावायचं, गोल भोक कापणारं पातं).
- साधारण दीड फूट लांब काचेचा तुकडा, कडा घासलेला.
- ग्रे प्रायमरचा स्प्रे, ॲक्रिलिक रंग, मॅट वार्निश, शून्य नंबरचा ब्रश.

पुण्यात हार्डवेअर बोहरी आळीत, कागद-शीट अप्पा बळवंत चौकात आणि एलईडी तपकीर गल्लीत, एका दुपारचं काम. मुंबईत नागदेवी आणि लॅमिंग्टन रोड. होल सॉ सोडला तर माझा सगळा खर्च चार हजारांच्या आत बसला. वेळ मात्र चार महिन्यांचे रविवार.

पाती वाचवू नका. बोथट पात्याला जोर लागतो, मग ते घसरतं आणि सरळ बोटात जातं.

४. चासी

दोन लांब सी-चॅनल आणि त्यांना जोडणारे आडवे मेंबर, शिडीसारखी. बाजारात ॲल्युमिनियमचा तयार चॅनल मिळतो, पण तो घेऊ नका. त्याची भिंत १ मिमी असली तरी २४ पटीने ती पाऊण-एक इंच जाड झाली, आणि अशी चासी कुठल्याच ट्रकला नसते. अर्ध्या मिमीच्या स्टायरीनच्या तीन पट्ट्या जोडून स्वतः सी बनवा.

आलेखाचा कागद काचेखाली चिकटवा आणि वर काचेवर चासी जुळवा. आडवे मेंबर आधी फेविक्विकच्या एकेका थेंबाने धरायचे, मग दोन्ही कर्ण मोजायचे. कर्ण सारखे आले की सांधे पक्के करा. एका मिमीचा फरक आत्ता क्षुल्लक वाटतो, पण हौदा चढवल्यावर ट्रक शेपूट वळवून उभा राहिल्यासारखा दिसतो.

कमानी हा या कामातला माझा सर्वांत आवडता भाग. लग्नपत्रिकेच्या जाड कागदाच्या साधारण ३ मिमी रुंद पट्ट्या कापा, प्रत्येक पाटा आधीच्यापेक्षा थोडा आखूड. एका बाटलीच्या गोलाईवर ठेवून एकावर एक फेविकॉलने चिकटवा, वरून रबरबँड, आणि रात्रभर हात लावू नका. सकाळी ती कमान बाटलीवरून सोडवली की सरळ होत नाही, वाक धरून राहते. मधोमध बारीक तांब्याच्या तारेचे दोन यू-बोल्ट. एका टोकाला पक्का हँगर आणि दुसऱ्या टोकाला हलता शॅकल असतो, दोन्हीकडे सारखंच करू नका. भरलेली गाडी असेल तर बाटलीऐवजी जवळजवळ सपाट ठोकळा वापरा.

एक्सल, मागच्या एक्सलच्या मधला डिफरन्शियलचा गोळा (एम-सीलचा, ओला असतानाच बोटाला पाणी लावून गुळगुळीत करायचा), शाफ्ट, डिझेलची टाकी, हवेच्या टाक्या, सायलेन्सर, बॅटरीची पेटी. यात वेगळं शिकण्यासारखं काही नाही, आकृती बघून करत जा. इंजिन पूर्ण करायचं का? बॉनेट उघडं दाखवणार नसाल तर नाही. खालून दिसतो तेवढा चेंबर (इंजिनाचा तळ) आणि गिअरबॉक्स पुरे.

५. चाकं

नवशिक्यांची मॉडेलं इथे घसरतात. खेळण्यातली चाकं लावली की बाकी कितीही मेहनत घेतली असली तरी ते खेळणंच दिसतं.

हवाई चपलेचा जाड सोल घ्या. चपलांच्या सोलची शीट विकणाऱ्या दुकानात काळा तुकडा मिळाला तर उत्तम. त्यातून होल सॉने चकत्या काढायच्या. इथे सापळा आहे: होल सॉचा आकडा हा भोकाचा असतो, आतून निघणाऱ्या चकतीचा नाही. पात्याची जाडी दोन्ही बाजूंनी जाते. ४४ चा होल सॉ आणलात तर चकती ४० च्या आसपास निघते. म्हणून ५० चा. चकतीच्या मधोमध बिटाचं भोक आपोआप पडतं. त्यात बोल्ट-नट घालून ती ड्रिलला लावा आणि ८० नंबरच्या पॉलिश पेपरवर फिरवत ४४ मिमीवर आणा. फिरता फिरताच खांदे किंचित गोल करून घ्या. हे गॅलरीत करा आणि नाकाला रुमाल बांधा, कारण त्याची भुकटी दोन दिवस घरात उडत राहते.

नक्षीसाठी त्रिकोणी कानस. मागच्या टायरला आडव्या खोल खाचा, पुढच्याला लांब सरळ रेघा. पुष्कळ ट्रकवर ही जोडी असते. सहा टायर आणि एक स्टेपनी मिळून सात चकत्या लागतात, मी नऊ काढल्या आणि दोन वाया गेल्याच. काळा रंग ॲक्रिलिकचा आणि मॅट. ऑइलपेंट रबरावर महिनोन्महिने चिकट राहतो.

रिम एकाच प्रकारची असते, पण पुढे ती फुगीर बाजूने बाहेर येते आणि मागे खोलगट बाजूने. मागच्या बाहेरच्या चाकात वाटीसारखा खड्डा दिसतो आणि त्यातून हब बाहेर डोकावतो. सातही रिमा सारख्या लावल्या की काहीतरी चुकलंय एवढं बघणाऱ्याला कळतं, काय ते सांगता येत नाही. रिम हाताने करणं वैतागाचं काम आहे. रिमा आणि पुढची जाळी थ्रीडी प्रिंट करून घेण्यात मला काही कमीपणा वाटत नाही.

मागच्या जोडचाकांत १ ते २ मिमी फट ठेवा. आणि त्या फटीत एक खडा अडकवा, खरोखरचा, वाळूतला. जोडटायरमध्ये अडकलेला दगड पाहिला नाही असा ट्रकवाला नसेल.

चाकं चढवून ट्रक काचेवर ठेवा. एक चाक अधांतरी असेल तर ट्रक डुगडुगतो. आत्ता कमानीखाली कागदाची चकती सरकवून दुरुस्त करा, पुढे जमणार नाही.

६. काउल आणि केबिन

आता केबिन. काउलचा गोलवा सनबोर्डचे तुकडे एकमेकांवर चिकटवून, घासून काढायचा. फोम शीटच्या कापलेल्या कडेला बारीक भोकं दिसतात. त्यात कारपेंटरची पुट्टी भरून, वाळवून, पुन्हा घासायचं. कंटाळा करू नका, रंग दिला की प्रत्येक भोक मोठं होऊन दिसतं.

सगळीकडे ३ मिमी सनबोर्ड वापरू नका. ३ मिमी म्हणजे खऱ्या ट्रकवर ७२ मिमी, जवळजवळ तीन इंच. आतला सांगाडा त्याचा चालेल, पण जिथे कड दिसते तिथे (दार, मडगार्ड, खिडकीची चौकट) अर्ध्या मिमीचीच शीट.

काचा रंगानंतर बसवा, आणि फेविक्विकने कधीच नाही. त्याची वाफ बंद केबिनमध्ये कोंडते आणि काचेवर आतून पांढरी बुरशी आल्यासारखा थर धरतो. तो पुसून जात नाही. काचेसाठी साधा फेविकॉल, सुईच्या टोकाने.

आतलं सामान किती करायचं? खिडकीतून दिसेल तेवढं. मोठं स्टिअरिंग, गिअरचा दांडा, ड्रायव्हरच्या मागची झोपायची फळी, डॅशबोर्डवर देवाचा फोटो आणि अगरबत्तीचं घर. एसी दाखवू नका. अवजड ट्रकच्या केबिनला एसीची सक्ती २०२५ मध्ये आली, तीही नव्याने बनणाऱ्या गाड्यांना. १६१३ च्या ड्रायव्हरला फार तर एक छोटा पंखा.

छप्पर चिकटवण्याआधी हेडलाइटच्या तारा ओढून घ्या. मी विसरलो होतो. छप्पर कापावं लागलं.

७. हौदा

आइस्क्रीमच्या काड्या १:२४ ला थोड्या जाड असतात, तरी घासून चालतात. व्हिनियर बरं. फळ्या आधी रंगवून, वाळवून मग जोडा, म्हणजे फटीत कोरं लाकूड दिसत नाही. तळाची फळी एकसारखी स्वच्छ नको. माल ओढून ओढून मधला पट्टा घासलेला असतो.

फाळक्याच्या साखळ्या इमिटेशन ज्वेलरीच्या दुकानातून आणा. सगळ्यांत बारीक, तीसुद्धा काळी करून. फाळका उघडणारा हवा असेल तर बिजागरीला स्टेपलरची पिन सरळ करून वापरा. ताडपत्रीसाठी कापड घेऊ नका, कुठलंही कापड या प्रमाणात गोधडीसारखं दिसतं. टिश्यू पेपरचा एक पदर सोडवा, पाणी घातलेल्या फेविकॉलमध्ये भिजवा आणि मालावर अंथरा. ओला असतानाच दोर ताणून बांधा. वाळल्यावर दोराखालचा दाब तसाच राहतो.

मागे अंडररन गार्डचा (मागची गाडी खाली घुसू नये म्हणून असतो तो) आडवा बार आणि दोन्ही बाजूंना रेलिंग विसरू नका. वर्णन वाचून नाही, तुमच्या फोटोतल्या गाडीला जसे होते तसे.

८. रंग

पावसाळ्यात स्प्रे मारू नका. जुलैत मी मारला, दहा मिनिटांत निळ्या केबिनवर दुधी साय धरली. हवेतली वाफ ओल्या रंगात अडकते, दुसरं काही नाही. थांबता येत नसेल तर ब्रशने ॲक्रिलिक द्या.

स्प्रेचा पहिला हात अगदी विरळ, धुक्यासारखा. जाड हाताने फोम शीट मऊ पडते, आणि मॉडेलमध्ये कुठे थर्माकोल दडवला असेल तर तो विरघळून खड्डा पडतो. बाटली एक फुटावर धरा, मॉडेलच्या बाहेर सुरू करून बाहेरच थांबवा. दोन हातांच्या मध्ये अर्धा तास जाऊ द्या.

चासी काळी किंवा तपकिरी, पण शुद्ध काळी नको, थोडा राखाडी मिसळा. एवढ्या छोट्या वस्तूवर शुद्ध काळा भोकासारखा दिसतो.

९. अक्षरं, नंबर, पट्ट्या

ट्रकचा चेहरा इथे येतो. जमत असेल तर हातानेच लिहा. पेंटरच्या हाताचा किंचित कंप छापील अक्षरात येत नाही. जमत नसेल तर पाण्यात सुटणारा डिकल कागद, म्हणजे ज्यावरची छापील अक्षरं सुटून मॉडेलवर बसतात तो. इंकजेटवर छापलं तर पाण्यात घालण्याआधी क्लिअर लॅकरचे दोन हात द्या, नाहीतर सगळी शाई वाहून जाते. प्रिंटर पांढरा रंग छापत नाही, म्हणून गडद केबिनवर पारदर्शक डिकल लावलात तर अक्षरं दिसेनाशी होतात. तिथे पांढऱ्या पायाचा डिकल घ्या किंवा ब्रश उचला.

काय लिहायचं ते तुम्ही ठरवलेल्या दिवसावर. महाराष्ट्रात २०१५ मध्ये परिवहन खात्याने 'हॉर्न ओके प्लीज' लिहायला बंदी केली, म्हणजे तुमची गाडी त्यानंतरची असेल तर विचार करा (रस्त्यावर अजून दिसतं, हा भाग वेगळा). बाजूला मालकाचं नाव-गाव आणि वजनाचा तक्ता असतो. दोन एक्सलच्या जुन्या गाडीवर आरएलडब्ल्यू (मालासकट नोंदलेलं वजन) १६२०० किलो. २०१८ च्या जुलैत एक्सलभाराची मर्यादा वाढली आणि अशा गाड्यांसाठी तो १८५०० झाला. हा आकडा आणि नंबरप्लेटचा काळ एकमेकांशी जुळला पाहिजे.

नंबरप्लेट पिवळी, अक्षरं काळी. एमएच-०९ कोल्हापूर, १० सांगली, ११ साताऱ्याची, १२ पुण्याची, ४३ वाशीची. हाय सिक्युरिटी प्लेट एप्रिल २०१९ पासूनच्या नव्या गाड्यांना लागली, जुन्या गाडीला पेंटरने रंगवलेलीच शोभते. ज्या गाडीची मापं घेतली तिचा खरा नंबर मात्र टाकू नका. मॉडेलचे फोटो कुठल्या कुठे जातात आणि मालकाला उगाच ताप.

चमकणाऱ्या पट्ट्या: पुढे पांढरी, बाजूला पिवळी, मागे लाल. उलट लावलेल्या पाहिल्यात म्हणून सांगतो. मागे काळे गोंडे आणि एक जुनी चप्पल टांगली तर उत्तम. सोलचे तुकडे उरलेले असतीलच.

१०. दिवे

हवे असतील तरच. मोबाइलच्या ५ व्होल्ट चार्जरवर चालवायचे असतील तर पांढऱ्या एलईडीला २२० ओहमचा आणि लालला ३३० ओहमचा रेझिस्टर, प्रत्येकाला स्वतंत्र. लाल आणि पांढरा एकाच रेझिस्टरवर समांतर जोडले तर लाल पेटतो आणि पांढरा मख्ख बसतो. लाल कमी व्होल्टला पेटतो आणि सगळा करंट तोच खातो. मी यासाठी एक संध्याकाळ तारा बदलत बसलो होतो.

११. धूळ

मातीचा रंग विकत घेऊ नका. गाडी जिथली ठरवली तिथली मूठभर माती आणा. कोकणची असेल तर तांबडी, मराठवाड्याची असेल तर काळी. मलमलच्या फडक्यातून दोनदा गाळा, पाणी घातलेल्या फेविकॉलमध्ये कालवा आणि मडगार्डाच्या आत, टायरच्या खाचांत, मागच्या फ्लॅपवर थापा. कोरड्या धुळीसाठी तीच माती नुसत्या मऊ ब्रशने उडवायची आणि वरून मॅट वार्निशचा एक हलका हात. पुढच्या काचेवर धूळ द्यायची असेल तर आधी वायपरच्या फेऱ्याएवढी कागदी कमान चिकटवा आणि नंतर काढा.

डिझेल टाकीच्या झाकणाखाली एक काळपट, चमकदार ओघळ. दाराच्या हँडलभोवती रंग घासलेला. फाळक्याच्या कडेला गंज. आणि मग ब्रश खाली ठेवा. या पायरीवर हात थांबत नाही. माझा दुसरा ट्रक भंगारात काढलेला दिसतो, कारण मी एका रात्री थांबलोच नाही. रोज वापरातली गाडी मळते, पण तिचा ड्रायव्हर तिला पुसतही असतो. केबिनचं दार, आरसे, समोरची देवाची पट्टी या जागा स्वच्छच असतात.

१२. पाट आणि आरसे

प्लायवूडच्या तुकड्यावर चासीच्या आडव्या मेंबरमधून खालून दोन स्क्रू मारून ट्रक पक्का करा. टायर पाटाला चिकटवू नका, उचलताना सोलची नक्षी फाटते. ट्रक उचलायचा तो नेहमी पाटाला धरून. पाहुण्यांना हे आधीच सांगा, कारण प्रत्येक जण केबिनला धरूनच उचलतो.

सगळ्यांत आधी तुटतात ते आरसे. गोळ्यांच्या पाकिटाची चंदेरी फॉइल आणि पितळी तार, एक जोडी करायला वीस मिनिटं लागतात. एका बैठकीत तीन जोड्या करून ठेवा आणि उरलेल्या दोन पाटाच्या खालच्या बाजूला टेपने चिकटवून टाका. माझी दुसरी जोडी गणपतीत गेली, तिसरी सध्या ट्रकवर आहे.